पाक्कियमच्या हातातली मोजपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. जमिनीचा चढउतार मोजायची, ओढून उघडली की चौदा फुटांची. माझी हकीकत त्या सकाळपासूनच सांगायला हवी, ज्या सकाळी तेलुक पांडानच्या गावकऱ्यांना मोजणीदाराची बायको पाक्कियम वारल्याचे कळले.

होडी काठाला लागली. मोजणीदार वैतिलिंगम मला स्वतःच्या खांद्यावर घेऊन उतरला. गावप्रमुखाची बायको माक सेनाह तिथे मासे साफ करत बसली होती. तिने नेहमीसारखी थट्टा केली.

"काय साहेब! बायकोला एवढं दमवलंत की आज पट्टी तुम्हालाच उचलावी लागली?"

तिने त्याच्यामागे होडीत पाहिले. होडीत कोणी नव्हते. तिने सुरी खाली ठेवली आणि ओल्या हातांनीच तोंड झाकून घेतले.

मला विलायतेत महोगनीच्या लाकडातून घडवले. अंगावर काळे आणि तांबडे आकडे रंगवले. मलायात मी बोटीने आले, तसा वैतिलिंगमही. जाफन्याचा हा तमिळ माणूस गोऱ्या सरकारच्या नोकरीसाठी समुद्र ओलांडून आला होता. दोन वर्षांनी जाफन्याला जाऊन लग्न केले आणि पाक्कियमला घेऊन आला. आम्ही रस्ते मोजले, पूल मोजले. नकाशावर नाव मात्र वरच्या साहेबाचे लागायचे.

मग तेलुक पांडानचे काम आले. गावची भातशेती पावसावर होती. साडेसहा मैलांवर नदी अडवून कालव्याने पाणी आणायचे होते. वैतिलिंगम फार खूश होता. हे काम पूर्ण त्याचे होते. गावापासून बांधाच्या जागेपर्यंत मोजत जायचे आणि तिथून मोजत परत यायचे. दोन्ही मापे जुळली तरच कचेरी खोदायला परवानगी देणार होती.

तिसऱ्या दिवशी पट्टी धरणारा गडी तापाने पडला. गावातले दुसरे कोणी येईना. मोजणीदार ज्या दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचतो तिच्यातून सगळे उलटे दिसते, हे सर्वांना कळले होते. "साहेब आपल्याला डोक्यावर उभं करतो," म्हणून बायका तर त्याला पाहिले की लुंगी घट्ट धरून पळायच्या.

पाक्कियम म्हणाली, "अहो, मी धरते की. मला काय, लग्न झाल्यापासून तुम्ही उलटीच बघताय."

"दिवसभर चालावं लागेल."

"मग इथे बसून कोणाची वाट बघू? तुमचीच ना?"

तो हसला. त्याने तिला दोन गोष्टी शिकवल्या. दुर्बीण पुढे नेऊन पुन्हा माप घेईपर्यंत पट्टीची जागा सोडायची नाही, नाहीतर सगळी मेहनत वाया. आणि माप घेताना पट्टी हळूहळू पुढे-मागे डोलवायची. डोलताना जो सर्वांत लहान आकडा दिसतो तो खरा, कारण तेव्हाच पट्टी अगदी सरळ असते. ती लवकर शिकली. माक सेनाह अधूनमधून डबा घेऊन यायची, तेव्हा दोघी मला धरून हसत उभ्या राहायच्या.

मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला कोणी धरले नव्हते.

बाराव्या दिवशी बांधाची जागा हाकेच्या अंतरावर आली. पाक्कियम दलदलीतल्या एका दगडावर मला टेकवून उभी होती. वैतिलिंगम दुर्बीण घेऊन पुढे गेला, तर मध्ये एक झाड आडवे पडलेले. ते तोडायला दोन तास लागले. पाऊस आला. तिच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी चढले. तिच्या तळहातांची धग मला लाकडातून जाणवत होती. सकाळपासून तिला ताप होता. तिने ते सांगितले नव्हते, आणि आता जागाही सोडली नाही.

झाड तुटले. त्याने दुर्बिणीला डोळा लावला. मी डोलत होते.

"शाब्बास!" तो ओरडला. "अशीच डोलव!"

ती मला डोलवत नव्हती, मित्रांनो. ती कापत होती. मला ते कळत होते, पण मला तोंड नव्हते. त्याने लहान आकडा पाहून वहीत लिहिला. ती मला घेऊन बांधाच्या जागेपर्यंत चालत गेली, शेवटचे माप दिले आणि मग चिखलात बसली.

इस्पितळाकडे नेणाऱ्या होडीत तिने मला सोडले नाही. इस्पितळातल्या खाटेवरही मी तिच्या हातात होते. तिला पुन्हा हुडहुडी भरली, आणि तिच्या मुठीत मी दगडावर डोलले होते अगदी तशीच डोलू लागले. वैतिलिंगम पायाशी बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. तेव्हा त्याला कळले.

"अहो," ती म्हणाली, "माप चुकलं नाही ना?"

"नाही. बरोबर आलंय."

"मग झालं."

त्या दुपारी ती गेली.

महिन्याभराने गावप्रमुखाने त्याला पुन्हा बांधाच्या जागी नेले. परतीचे काम करायचे होते. या वेळी मला धरायला माक सेनाह स्वतः पुढे आली. लुंगीची पर्वा तिने केली नाही. वैतिलिंगमने दुर्बीण लावली. मी सरळ उभी होते.

"साहेब, पाक्कियमसारखी डोलवू का?" तिने विचारले आणि मला डोलवले.

त्याने डोळा काढून घेतला. "नको," तो म्हणाला. "राहू दे." आणि दुर्बीण पेटीत ठेवली.

त्यानंतर त्याने ते काम हातात घेतले नाही. दुसऱ्यालाही दिले नाही; वही त्याच्याच पेटीत राहिली. आता तो म्हातारा झाला आहे. मी त्याच्या पडवीत दोन खिळ्यांवर आडवी आहे. आकडे पुसट झाले, एका टोकाला वाळवी लागली. दर वर्षी कापणी झाली की गावप्रमुख येतो, पायरीवर बसतो.

"साहेब, यंदा रोपं करपली."

"पाऊस ओसरला की येतो," वैतिलिंगम अंगणातल्या भर उन्हाकडे बघत म्हणतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना पुसा, तेल लावा, असे मी सांगायला हवे. पण मला तेवढे नको. तुम्ही मोजाल तेव्हा आकडा जरूर बघा. त्याआधी जिने पट्टी धरली आहे तिच्या तोंडाकडे बघा. दुर्बीण खाली ठेवून, जवळ जाऊन बघा.

बांधापासून गावापर्यंतची साडेसहा मैलांची परतीची मोजणी अजून झालेली नाही.