इंगुरीच्या पुलावरचा घोडा

मी लुर्जा. आमच्याकडे करड्या घोड्याला लुर्जाच म्हणतात, म्हणजे माझ्या नावासाठी कुणी फार डोकं चालवलं नाही. इंगुरी नदीच्या पुलावर मी उमेदीची सगळी वर्षं गाडा ओढला. त्या पुलावर माणसं दबक्या आवाजात बोलतात. घोड्याला ते जमत नाही, म्हणून मी सरळच सांगतो.

माझा जन्म गालीजवळच्या खेड्यातला. एकाच मुलखाचे दोन तुकडे करून या नदीला सरहद्द बनवणारी लढाई माझ्या आधी होऊन गेली होती. मी पाहिली ती तिच्यात जळलेली घरं. आत रानटी अंजिरं वाढलेली. गालीत उभं राहिलं की झुग्दिदी नदीपलीकडे, आणि झुग्दिदीत गेलं की गाली पलीकडे. मामा इकडे, भाची तिकडे, मधे दोन चौक्या.

बोंदो शोनियानं मला मक्याच्या शेतासाठी घेतलं. पण पुलावर मोटारी सोडत नसत, आणि म्हाताऱ्यांना तेवढं चालवत नसे. मग बोंदोनं गाड्याला फळ्यांचे बाक ठोकले आणि मी पुलावरचा झालो. चीजचे गोळे, हेझलनटची पोती, पाय मोडलेला माणूस, लग्नाचा केक, सगळं ओढलं. चौकी जवळ आली की माणसं आधी खिसा चाचपायची, मग पिशवी, मग पुन्हा खिसा. पुलाच्या मध्यावर तर भांडखोर बायकासुद्धा गप्प व्हायच्या.

बोंदो मात्र कधी गप्प बसला नाही. फक्त एका माणसाचं नाव निघालं की त्याचं तोंड मिटायचं. तो ग्रामितोन, त्याचा जुना शेजारी. लढाईत ग्रामितोन बायकोला घेऊन झुग्दिदीला पळाला, बोंदो मागे राहिला, जिंकणाऱ्यांच्या राज्यात. पुढे झुग्दिदीच्या बाजारात दोघं समोरासमोर आले तेव्हा ग्रामितोन चार लोकांत म्हणाला, "राहिला तो फितूर!" त्या दिवशी बोंदो मला पाणी पाजायला विसरला. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

एका गारठ्याच्या सकाळी आम्ही झुग्दिदीच्या बाजूला उतारूंची वाट बघत होतो. एक गाडी आली. तिच्यातून शवपेटी उतरवली आणि मागून ग्रामितोनची बायको लामझिरा उतरली. काळा रुमाल, हातात वाइनची बाटली आणि पाव. ग्रामितोनला नदीपलीकडच्या त्याच्या जुन्या अंगणात पुरायचं होतं. ती पेटी आमच्या गाड्यावर ठेवली गेली. बोंदो लगाम धरून नुसता नदीकडे बघत राहिला.

पलीकडच्या चौकीतला शिपाई पुलाच्या अलीकडच्या तोंडापर्यंत येऊन कागद बघत होता. पोरसवदाच होता. त्यानं कागद दोनदा वाचले.

"मयताला सोडायचा हुकूम आहे. आजी, तुमचा कागद चालणार नाही. आडनावात एक अक्षर चुकलंय."

"अक्षर मी लिहिलं का रे? पुरते आणि परत येते. या वयात कुठं पळून जाणार?"

"माझ्या हातात असतं तर सोडलं असतं."

"म्हणजे मेल्यावर बरोबर सोडाल! आत्ताच मरू का इथं?"

शिपायानं कागद घडी घालून तिला परत दिला. लामझिरा बोंदोकडे वळली.

"भावजी, तुम्ही न्याल?"

"तो मला फितूर म्हणाला होता, वहिनी. भर बाजारात."

"म्हणाला होता. मला तर रोज काहीतरी म्हणायचा. त्याचं तोंडच तसलं होतं."

बोंदोच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. तो हसला हे मला नंतर कळलं. "चला," तो म्हणाला, "आज तरी तो उलट बोलणार नाही."

तिनं बाटली आणि पाव त्याच्या हातात दिला. "सावकाश न्या. पुलाच्या सांध्यावर धक्के बसतात. आणि माती टाकताना माझं नाव घ्या. मी तिथं आहे असं समजू दे त्याला."

मी निघालो. गाड्यामागे रडायला एकही नातेवाईक नव्हता. इतक्यात मागे पावलं वाजली. चौकीच्या रांगेत थांबलेली माणसं, जी ग्रामितोनला ओळखतही नव्हती, पिशव्या खाली न ठेवता आमच्या मागून चालायला लागली. कोंबड्यांची टोपली घेतलेली एक बाई मोठ्यानं रडत होती. मी मान वळवून बघितलं. लामझिरा पुलाच्या तोंडाशी उभी होती, लहान होत गेली.

ग्रामितोनच्या जळक्या घराच्या अंगणात गावानं खड्डा खणून ठेवला होता. पेटी उतरली. बोंदोनं मूठभर माती टाकली आणि ओरडला, "लामझिरा इथं आहे रे!" मग रिवाजाप्रमाणे त्यानं मातीवर वाइन ओतली आणि पाव ठेवला. सगळे निघून गेले तरी तो तिथंच उकिडवा बसून ग्रामितोनशी भांडत राहिला. "पळालास तू, आणि फितूर मी? तुझ्या भिंती कोसळताना बघायला कोण होतं? एकट्यानं राहून बघायचं होतंस!" असं बरंच काही. शेवटी त्याचा आवाज बसला आणि तो माझ्या मानेवर डोकं टेकून उभा राहिला.

त्यानंतर लामझिरा पुलापर्यंत यायची. बोंदो तिला सांगायचा: क्रूस बसवला, गवत काढलं, कुंपण घातलं. ती ऐकून परत जायची. अक्षर दुरुस्त झालं, तेव्हा पूलच बंद झाला. पूल उघडला, तेव्हा त्या कागदाची मुदत संपली होती. मग पुलावर छोटी बस आली आणि आमच्या गाड्याचं काम सुटलं. आता बोंदोचे गुडघे गेलेत. तो मला ग्रामितोनच्या अंगणात मोकळं सोडतो. थडग्याभोवतीचं गवत मीच खातो. कापायला कुणी लागत नाही.

परवा बाजारकरणींकडून तिचा निरोप आला, नवा कागद केलाय म्हणून. बोंदोनं तो मला दोनदा सांगितला.

तुमच्यापैकी कुणी झुग्दिदीला गेलात, तर तिला एवढं सांगा. बस हमरस्त्यावर सोडते, तिथून गाव लांब आहे आणि वाट चिखलाची. तिनं चालत येऊ नये. माझे दात पडलेत, पण एक म्हातारी बाई मला अजून ओढवेल. फक्त लवकर ये म्हणावं.