मधुमतीबाईंचे मोजे

मधुमतीबाई साताऱ्याहून ग्लासगोला आल्या त्या नातवाला मांडीवर घ्यायला. आणि नातू असा, की त्यांचा हात लागताच भोकाड पसरायचा. शेजारच्या बाईंकडे विहान खिदळत जायचा. आजीने गालाला बोट लावलं, की ‘चट्’ आवाज आणि मग आरडाओरडा.

“आई, नवीन माणसं ओळखायला वेळ लागतो,” जावई अंबरीशराव म्हणाले. ते डॉक्टर, म्हणून सगळं शांतपणे म्हणायचे.

आज तर विहानचं बोरन्हाण. लेक वरदा चाचरत म्हणाली, “आई, आज मांडीवर अंबरीशनेच घ्यावं का?”

मधुमतीबाईंना ते फार लागलं. त्यांनी तडक दृष्ट काढायला घेतली. मीठमिरच्या तव्यावर पडतात तोच छतावरचा स्मोक अलार्म किंचाळला. अंबरीशराव खुर्चीवर चढून, खोकत, टॉवेल फडकावू लागले.

तव्याकडे बघत मोठी नात तनू म्हणाली, “आजी, दृष्ट नाही गं. तुझे सॉक्स आहेत.”

तिने प्लॅस्टिकची पट्टी अंगातल्या लोकरी जंपरवर खसाखसा घासली आणि बोरन्हाणाच्या मुरमुऱ्यांवर धरली. मुरमुरे टुणकन उडून पट्टीला चिकटले.

“बघ! तू पाय उचलतच नाही, फरफर चालते. सॉक्स आणि कार्पेट घासतात, मग एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. तुझ्यावर चार्ज जमतो. हवा ओली असली तर तो हळूहळू पळून जातो.”

“बाहेर धो धो पाऊस आहे की!”

“पण आत हीटिंग आहे ना, एकदम ड्राय. चार्जला जायला जागाच नाही. तू विहानला हात लावला, की सगळा एकदम उडी मारतो.”

“म्हणजे आल्यापासून मी पोराला चटके देतेय? आणि तुझे डॉक्टर बाबा म्हणतात ओळख नाही!”

“बाबाला नाही माहीत. तो फक्त पोटं बघतो.”

मधुमतीबाईंनी मोजे काढले. नायलॉनचे, आणि त्यांवर चढवलेले लोकरीचेही. तनूने सांगितलं तसं नळाला बोट लावलं. चट्! “मेल्या!” त्या नळाला म्हणाल्या. मग अनवाणीच विहानपाशी जाऊन भीतभीत बोट पुढे केलं. काही झालं नाही. विहानने त्या बोटाकडे संशयाने पाहिलं आणि ते सरळ तोंडात घातलं.

संध्याकाळी तो आजीच्याच मांडीवर बसला. बोरांच्या जागी ब्लूबेरी होत्या. पॉलिस्टरच्या काळ्या झबल्यावर मुरमुरे असे चिकटले, की पोराची भेळ झाली.

पाहुणे गेल्यावर मधुमतीबाईंनी गुपचूप मोजे चढवले. पाय न उचलता सोफ्याभोवती चकरा मारल्या. तनू शहाणी, ती आधीच लांब झाली.

“अंबरीशराव, तिळगूळ घ्या, गोड बोला.”

अंबरीशरावांनी हात पुढे केला. चट्!

“आई गं!”

“असू दे हो,” मधुमतीबाई शांतपणे म्हणाल्या. “नवीन माणसं ओळखायला वेळ लागतो.”