एकाच हाताच्या दोनशे भाकरी

मी भाकरीचा टोपला बोलतोय. साधासुधा नव्हे, पेपरात फोटो आलेला! आता फोटो तसा हौसरावचा होता आन् मी त्याच्या पोटाखाली बोटभर दिसत होतो, ही गोष्ट वेगळी.

दौंडच्या बाजारात एका बुरडानं मला विणलं. विणताना त्याचं बायकोशी भांडण चाललं होतं, म्हणून माझी एक काडी कायमची वर राहिली. राहूजवळच्या, भीमेच्या काठच्या एका गावातल्या विठाबाईनं घासाघीस करून मला नेलं. कागदाचा लगदा आन् मेथ्यांची खळ लावून सारवलं. झालो घरचा.

विठाबाईचं तोंड फाटकं. पण गावात मयत झालं, नदीला पूर आला, की सगळ्यांच्या आधी मला काखेत मारून तीच निघायची. दारोदार दोन-दोन भाकरी. कालव्याचं पाणी सुटंना म्हणून गडी कचेरीपुढं चार दिवस बसले, तवा त्यांना मीच जगवलं. आक्काबाईची भाकरी एका अंगाला जाड. बन्सीच्या बायकोची कायम करपलेली. हौसरावच्या घरची इतकी पातळ, की पलीकडचा माणूस दिसावा. लोक तोंडानं खोटं बोलतील, भाकरी बोलत नाही.

मग दोन हजार चार साल उजाडलं. सरपंचाच्या खुर्चीत गौतमी बसली होती. बौद्ध वस्तीतली, बारावी शिकलेली, हिशोबाची पक्की. वाळूच्या लिलावाला ग्रामपंचायतीचा ठराव पाहिजे होता. ती म्हणाली, "नदीतली वाळू उपसली, तर विहिरींना पाणी काय आभाळातनं सोडणार? ठराव मिळायचा न्हाई."

वाळूचा ठेकेदार आनंदराव. शिक्रापूरला त्याचा बंगला, दारात दोन गाड्या. तो भांडायला आलाच नाही. त्यानं सरळ गावाची चळवळ काढून दिली! जशी लग्नाला बँडपार्टी ठरवतात, तशी. नाव ठेवलं 'गावरीत बचाव मंडळ'. म्होरक्या केला आमच्या हौसरावला, ज्याला घरात कुणी चहा विचारत नव्हतं. मांडव, कर्णा, टोप्या, फलक, सगळं आनंदरावच्या खिशातलं. नाव मात्र कुठंच नाही. फलकाखाली लिहिलं होतं, 'समस्त ग्रामस्थ'.

"बाईमाणसानं चावडीत खुर्चीवर बसणं आपल्या रीतीत न्हाई!" हौसराव कर्ण्यावरनं ओरडायचा. आणखी काय खुपत होतं, ते फलकावर लिहायची हिंमत नव्हती. आन् आनंदरावची बायको पतसंस्थेची चेअरमन होती हो! तिथं खुर्चीला गादी होती. तिथं रीत आडवी आली नाही.

गौतमीवर अविश्वास ठराव आला. नऊ सदस्य, आन् सरपंच बाई असली की कायद्यानं पाऊण हिस्सा, म्हणजे सात हात वर पाहिजेत. सहा आधीच आनंदरावच्या गाडीत बसून आले होते. सातवा म्हाळू आबा. म्हातारा भला, पण वारा येईल तिकडं मान डोलावणारा. तो म्हणाला, "मला कुणाचं कायबी नको. गाव म्हणंल तसं. घराघरातनं भाकरी आली, तर गाव उठलंय असं मी समजंन."

एवढं ऐकलं आन् हौसराव विठाबाईच्या दारात. "मावशे, टोपला दे. गावाचं काम हाय." गावाचं काम म्हटल्यावर ती नाही कशाला म्हणते? मीपण टुणकन निघालो. माझी वर आलेली काडी हौसरावच्या अंगठ्यात घातली, पण ती आपली सवय म्हणून. राग तवर आला नव्हता.

राग आला मारुतीच्या देवळामागं. तिथं शिक्रापूरचा टेम्पो उभा होता. कंपनीतल्या कामगारांना डबे पुरवणाऱ्या मेसमधल्या भाकरी हौसरावनं माझ्यात ओतल्या. दोनशे! वर विठाबाईचंच फडकं टाकलं आन् मला मिरवत मांडवात नेलं. पेपरवाल्यानं फोटो काढला.

मला सांगा, तुमच्याकडं पैसा आहे, करा खर्च. वाळू पाहिजे, तर मांडवात उभं राहून म्हणा, मला वाळू पाहिजे. आम्ही भांडू, शिव्या देऊ, तुम्हीपण द्या. पण गावाचं तोंड भाड्यानं घ्यायचं? ज्या टोपल्यानं मयताच्या घरी घास नेला, त्यात खोटी माया भरायची? चोरी केली असती तर मी एवढा तापलो नसतो!

विठाबाई कौतुकानं मांडवात आली. नव्या टोपीतला एक गडी तिला हळूच विचारतोय, "मावशी, हे गाव कोणतं म्हणायचं?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग फडकं उचललं. एक भाकरी घेतली, दुसरी घेतली, खालची उपसून काढली.

"आबा, हिकडं या. ह्यातली आक्काबाईची कोणती?"

म्हाळू आबा वाकला. "समद्या सारख्याच जाड दिसत्यात की गं."

"बन्सीची बायको बसलीय तिथं. विचारा, तिनं दिली का. दोनशे भाकरीत एक करपलेली न्हाई, आबा! आपल्या गावात?"

बन्सीची बायको लाजली आन् म्हणाली, "आमच्या दारात तर कुणी आलंच न्हाई."

हौसराव ओरडला, "म्हातारे, चळवळीत फूट पाडू नको!"

"गप ए, चळवळीच्या! तुझ्या बायकोनं जाड भाकरी केल्याली मी जन्मात बघितली न्हाई."

मांडव खदखदून हसला. दुसऱ्या दिवशी तहसीलदारापुढं सहाच हात वर झाले. आबाचा हात गुडघ्यावरनं हलला नाही. गौतमीची खुर्ची राहिली, नदीची वाळूपण ती खुर्चीत होती तेवढी वर्षं राहिली.

आता माझं बूड गेलंय, आत कोंबडी अंड्यावर बसते. तक्रार नाही, ती निदान स्वतःची अंडी घालते. हात जोडून एवढंच मागणं, गावाच्या नावानं काही आलं, की फडकं उचलून बघत जा.

ठराव पडला त्या सांजेला मात्र आमचा थाट विचारू नका. विठाबाई मला कमरेवर घेऊन थेट गौतमीच्या दारात. मी नुसता फुगलेलो. गौतमी चुलीपुढं भाकरी थापत होती.

"सरपंचबाई, पेढे काढ," विठाबाई म्हणाली. "घराघराचा हात मी डोळं झाकून वळखते, म्हणून वाचलीस."

गौतमीनं तव्यावरची भाकरी उलटली.

"उपकार झाले, आज्जी. पर इतक्या वर्सांत हा टोपला आमच्या वस्तीत आज पैल्यांदा आला. आता आलाच हाय तर सांगा, माझ्या भाकरीचा हात कसा हाय?"