तेहतीस तांबे

कल्याणच्या मराठी शाळेतले अण्णा मास्तर हजेरीच्या बाबतीत मोठे कडक. मुलगा आला तर 'ह', नाही आला तर खाडा. मग तो तापानं फणफणलेला असो की आजोळी लाडू खात असो, खाडा तो खाडाच. असा माणूस स्वतःच्याच हजेरीत सापडला, त्याची ही गोष्ट.

आषाढात डेप्युटीसाहेब शाळा तपासून गेले आणि जाता जाता सांगून गेले, की यापुढे मुलांना चित्रकला शिकवायची. मास्तरांची परीक्षा कार्तिकात, ठाण्याला. अण्णा नापास झाले तर बदली मोखाड्यास. मोखाड्याला गेलेला मास्तर पोटात हिवतापानं सुजलेली पानथरी घेऊनच परततो, अशी त्या गावाची ख्याती, आणि अण्णांना तर कल्याणातच दर पावसाळ्यात हिवताप येई. शिवाय वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीही त्यांना सरळ रेघेला पट्टी लागे.

"चातुर्मासाचा नेम धरतो," ते बायकोला म्हणाले. "एकादशी ते एकादशी, रोज एक चित्र. खाडा नाही."

मंदाकिनीबाईंचा गोपद्मांचा नेम होताच. रोज सकाळी तुळशीपुढे रांगोळीनं गाईची तेहतीस पावलं काढायची. हे त्यांचं पाचवं आणि शेवटचं वर्ष. "धरा की," त्या म्हणाल्या. "पण मधेच टाकायचा नाही हो. तुमचं योगासनांचं झालं होतं तसं नको."

अण्णांनी घरच्या वहीत हजेरीपटासारखे रकाने आखले. चित्रांपेक्षा रकाने सुबक आले. पहिल्या दिवशी तांब्या, दुसऱ्या दिवशी कंदील, मग छत्री, जोडा, गाय. काढलेलं चित्र ते दुसऱ्या दिवशी शाळेत विश्राम मास्तरांना दाखवीत. हे त्यांचे सोबती, तोंडाचे तिखट.

"भोपळा झकास आलाय, अण्णा."

"तांब्या आहे तो."

"असं होय? मग हा देठ?"

"तो गळा, विश्राम."

गाय पाहून मात्र विश्राम मास्तरांनी वही हळूच मिटून परत दिली. ते अण्णांना अधिक लागलं.

एकेचाळीस दिवस एकेचाळीस 'ह' पडले आणि बेचाळिसाव्या दिवशी अण्णांना हिवताप भरला. तीन दिवस शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी उठून बसले आणि पेजेच्या आधी वही मागितली.

"तीन खाडे पडले ना गं?"

"पडतील कसे? मी बाजूला बसते तेव्हा शेजारच्या काकू माझी गोपद्मं काढतात. माझं व्रत मोडतं का? तुमचं मी काढलं."

अण्णांनी वही उघडली. पान भरून तांबे. पुढच्या पानावर तांबे, त्याच्या पुढच्याही पानावर तांबे. मास्तरांनी सवयीनं मोजले. तेहतीस, तेहतीस, तेहतीस.

"अगं, एक काढायचा! एक! कागद काय उतू चाललाय घरात?"

"एकानं कुठं नेम होतो?" मंदाकिनीबाईंना खरोखरच कळेना. "तेहतीस नकोत?"

अण्णांनी कपाळावर मारायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. पहिल्या पानावरचा पहिला तांब्या त्यांच्या तांब्याहूनही वाईट होता, वांगंच म्हणा. पण ओळीमागून ओळ सरकत गेली तसा तांब्याला बूड आलं, पोट आलं. तिसऱ्या पानावरचा शेवटचा तर असा जमिनीवर टेकला होता, की ओंजळ पुढे करावी.

"हे कसं केलंस?"

"मी कुठं काही केलं? पहिली दहा पावलं काढताना सगळं लक्ष रांगोळीत असतं. मग कुठं गाय दिसायला लागते. तांब्याचंही तसंच असेल."

अण्णांनी आपली पानं उलटली. एकेचाळीस दिवस, एकेचाळीस वस्तू, एकही दुसऱ्यांदा काढलेली नाही. म्हणजे एकेचाळीस वेळा पहिलंच चित्र! अशी मुलं त्यांच्या वर्गात होती: रोज हजर, पहिल्या रांगेत, आणि पाटी कोरी.

त्या दिवसापासून पाटीपेन्सिल आली. बत्तीस वेळा काढायचं आणि पुसायचं, तेहतिसावं वहीत. विश्राम मास्तर म्हणाले, "अण्णा, आता पुढच्या वर्षी हळदीकुंकू पण करा." पण कंदील पाहिला तेव्हा त्यांनी हा काय म्हणून विचारलं नाही.

कार्तिकी एकादशीनंतर चौथ्या दिवशी अण्णा आगगाडीनं ठाण्याला गेले. परीक्षेची मांडामांड कॉस्मास नावाचा तिथलाच एक ख्रिस्ती कारकून पाहत होता. त्यानं मधल्या खोक्यावर नमुना आणून ठेवला, तो साहेबी चहाची किटली. कान, सोंड, टोपी! अण्णांच्या घरात चहा नव्हता, किटली कुठून येणार? त्यांना डोळ्यांपुढे मोखाडा दिसला.

मग त्यांनी पाहिलं, टेबलावर धूळ आहे. बोट टेकवलं आणि एक किटली काढली. वांगंच आलं. तळव्यानं पुसली, दुसरी काढली.

कॉस्मास शेजारी येऊन उभा राहिला. "मास्तर, तुम्हाला कागद दिला ना मी?"

"दिलात."

"मग टेबल कशाला पुसता? त्याला माणूस आहे."

"जरा ओळख करून घेतोय," अण्णा म्हणाले. बाकीच्यांची चित्रं अर्धी झाली होती. विसाव्या किटलीला सोंडेचा बाक कळला. बत्तिसावी पुसली आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

महिन्यानं निकाल आला: पास. काठावर, पण पास.

संध्याकाळी अण्णांनी ती वही काढली. तापाच्या तीन दिवसांचे रकाने अजून रिकामे होते. 'ह' म्हणावं तर खोटं आणि खाडा म्हणावं तर त्याहून खोटं. पोचपावतीवर लिहितात तसं त्यांनी तिन्ही रकान्यांत लिहिलं: 'हजर. हस्ते मंदाकिनी.'

बाईंना वाचता येत नव्हतं. "काय लिहिलंत?"

"तुझं नाव."

"किती वेळा?"

"तीन."

"तीनच?" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

अण्णांनी बोरू पुन्हा दौतीत बुडवला.