झाकणाखालच्या जिभा

रेहेमाच्या दाराशी पहिली जीभ आली ती संकष्टीच्या दुपारी, स्टीलच्या वाटीत, वर झाकण घालून. वाटी घेऊन शेजारच्या विमलकाकू बोडस स्वतः उभ्या होत्या. तोंड मिटलेलं, गाल आत गेलेले. त्यांनी वाटी पुढे केली, स्वयंपाकघरातल्या पातेल्याकडे बोट दाखवलं आणि सपाता वाजवत निघून गेल्या.

झाकण काढलं तर आत जीभ. गुलाबी, वर पांढरी साय धरलेली, तळाशी चमचाभर लाळ.

"मला भूक लागलीय," जीभ म्हणाली. आवाज काकूंचाच. "उपवास तिचा आहे. माझा नाही."

आता ही वेळ का आली ते ऐका. रेहेमा झांझिबारची. माहीमला तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायची, एका कंपनीत लिफ्ट तपासायची नोकरी. शहर तिला असं काही मानवलं होतं की विचारू नका. बुधवारी चर्चबाहेर मेणाचे हात-पाय मांडलेले असत, ते बघत हिंडायची. दर्ग्याच्या गल्लीत उभ्यानं खिचडा खायची. रविवारी मासळीबाजारात कोळणीशी कडाकडा भांडायची, आणि कोळीण "घे गं लांबडे" म्हणत दोन बोंबील जास्तीचे टाकायची. सुकटीचा वास आला की तिला वाटे, आपण घरच्या किनाऱ्यावरच उभ्या आहोत.

कटकट एकच, वाट्यांची. राहायला आली त्या आठवड्यात काकूंनी शिरा दिला. रेहेमानं वाटी लख्ख घासून परत केली.

"रिकामी?" काकू म्हणाल्या. "आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत गं बाई."

पुढच्या वेळी तिनं नारळाच्या रसातली सुरमई भरून नेली. काकूंनी नाकाला पदर लावला. "शी! हे चालत नाही आमच्यात."

"मग काय भरू, काकू?"

"साखर भर चिमूटभर."

तेव्हापासून ती साखर भरायची. पण तिच्याकडे फोडणी पडली की काकू जिन्यात थांबून नाकपुड्या फुगवायच्या, हे तिनं पाहून ठेवलं होतं.

तर जीभ जेवली. दारी आलेल्याला उपाशी पाठवायची रीत रेहेमाच्याही घरी नव्हती. जीभ ताटलीभर सरपटली, "कोकम कमी घाल गं," म्हणाली, ढेकर दिली आणि आपणहून वाटीत जाऊन पडली. ताटलीवर गोगलगाय गेल्यासारखा पट्टा राहिला. रेहेमानं ती ताटली तीनदा घासली आणि मग फेकूनच दिली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दाराबाहेर सात वाट्या. सगळ्या एकसारख्या. एका वाटीतली जीभ तंबाखूनं तपकिरी झालेली, एक भेगाळलेली, एकीला सकाळच्या वरणभाताचं शीत चिकटलेलं.

"कोण कोण आहात तुम्ही?" तिनं विचारलं.

"नावं विचारायची नाहीत," तपकिरी जीभ म्हणाली. "आम्ही आलोच नाही. वाढ."

जेवणं झाल्यावर कुणाची कुठली, हे कसं कळणार? रेहेमा बसच्या पाट्यांवरून अक्षरं लावायला शिकली होती. वाट्यांच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी नावं घातलेली होती, ती तिनं वाचली आणि त्या त्या दारी वाट्या पोचवल्या. बिचारीला कोण सांगणार, की आपल्याकडे वाटीवर बरेचदा नाव असतं ते देणाऱ्याचं! बोडसांच्या मुंजीला सोसायटीतल्या पोंक्ष्यांनी दिलेली वाटी, पोंक्ष्यांच्या वास्तुशांतीला बोडसांनी दिलेली. दारं फटीएवढी उघडली, वाट्या आत ओढल्या गेल्या, दारं लागली.

सकाळी जिन्यात चेअरमन पोंक्षे भेटले. सहा फूट उंच, झुपकेदार मिशा. तोंड उघडून म्हणाले, "अगं बाई, पाणी गेलं का गं?" आवाज विमलकाकूंचा. ते तोंड दाबून खाली पळाले. खाली काकू भाजीवाल्याला भरड्या आवाजात "रविवारी मीटिंगला हजर राहा" असं बजावत होत्या, आणि मग त्यांनी तंबाखूची पिंक टाकली.

कुणी तक्रार केली नाही. तक्रार करायची म्हणजे आपली जीभ तिसऱ्या मजल्यावर गेली होती, हे कबूल करायला लागणार. वाट्या रोज चारला येतच राहिल्या. पोट भरल्यावर जिभा लगेच वाटीत जाईनात. भिंत चाटायच्या, दाराची कडी चाटायच्या, रेहेमाच्या चपलांचे पट्टेसुद्धा. उशीची खोळ सदा दमट. हळूहळू तिची अन्नावरची वासनाच गेली. आठ दिवस ती कोरा चहा आणि पाव यावर राहिली, आणि तिला पावालाही लाळेची चव लागायला लागली.

महिनाअखेर तिचा करार संपत होता. सोसायटीनं पत्र दिलं तर अजून अकरा महिने. नाही दिलं तर शहरच सुटलं, कारण हे एक घर मिळायला तिनं वीस दारांवरून "नाही" ऐकलं होतं.

रविवारी अकराला गच्चीवर मीटिंग भरली. विषय पहिला, तिसऱ्या मजल्यावरचा वास. पोंक्षे कागद घेऊन उभे राहिले, खाकरले.

"परवाची सुकट जराशी करपली होती," त्यांच्या तोंडून काकू बोलल्या, "पण रस्सा! बोटं चाटत राहावीत."

काकू ताडकन उठल्या. "मला दुसऱ्यांदा वाढलंच नाही," त्यांच्या तोंडून पोंक्षे बोलले.

सगळे जमिनीकडे बघायला लागले. रेहेमाला वाटलं, सुटले.

मग काकूंनी पदराखालून एक वाटी काढली. कोरी, चकचकीत, झाकणासकट. कडेला ताज्या ठिपक्यांत लिहिलं होतं, 'रेहेमा हिस, सर्व सभासदांकडून.'

"इथं स्वतःची जीभ स्वतःच्या तोंडात असलेली तू एकटीच," काकू पोंक्ष्यांच्या आवाजात म्हणाल्या. "या कागदावर दोन ठराव आहेत. हिनं राहावं, आणि हिनं जावं. तुझी जीभ जो वाचेल तो मंजूर."

"मी वाचते की. राहावं."

"तू नाही. जीभ वाचेल. म्हणजे तू बोललीसच नाहीस."

रेहेमानं वाटी हातात घेतली. आपल्या नावाची वाटी तिला हवी होतीच. पण आठ दिवस लाळेखेरीज कसलीच चव न लागलेली तिची जीभ दातांमागे गप्प पडून होती. बाहेर पडल्यावर ती काय वाचेल, हे तिला सांगता येईना.

"रिकामी परत करायची नाही हं," पोंक्षे काकूंच्या आवाजात लाडानं म्हणाले.

रेहेमानं तोंड उघडलं. गच्चीवरच्या साऱ्यांनी ओठ चाटले.