नंदाचे नऊ गुण

मी मास्तर आहे आणि मला सरासरी काढता येते, तिथंच सगळं बिघडलं.

ओतूरच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला लागून असलेल्या एका वस्तीवर माझी शाळा आहे. दोन खोल्या, एक पडवी आणि यंदा चौथीत सहा मुलं. या वर्षी वरून नवी चाचणी आली. दर तीन महिन्यांनी सगळ्या शाळांना एकच पेपर, तीस गुणांचा. पाकीट सीलबंद, पहाऱ्याला दुसऱ्या शाळेचा शिक्षक. गुण त्याच दिवशी मोबाईलवर भरायचे, की शाळेची सरासरी आपोआप निघते. पन्नास टक्के झाले तर शाळा हिरवी, नाहीतर लाल.

ऑगस्टमध्ये आम्ही लाल झालो. त्रेचाळीस टक्के. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या, बैठकीत लाल शाळांच्या मास्तरांना एकेक करून उभं केलं आणि कारण विचारलं. सव्वीस वर्षं मी पोरांना उभं करत आलो, पण स्वतः उभं राहिल्यावर हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मी म्हणालो, "सर, एक मुलगी मेंढपाळाची आहे. वर्षातून पाच महिनेच शाळेत असते." शेजारच्या मास्तरने समजूतदारपणे मान हलवली. मला तेवढ्यानंही बरं वाटलं, हे आज सांगताना लाज वाटते.

घरी येऊन मी चाचणीच्या पेपरच्या पाठीवर आकडे मांडले. पाच जणांचे मिळून पंचाहत्तर, मेंढपाळाच्या नंदाचे तीन. नंदा धरली तर त्रेचाळीस टक्के, नंदा वगळली तर बरोबर पन्नास. मी तो कागद फाडून टाकला. आकडे मात्र डोक्यातून गेले नाहीत.

तसा मी अगदीच वाईट मास्तर नाही. दुसऱ्या दिवसापासून नंदाला मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास वेगळं घेऊन बसू लागलो. ती बोट ठेवून वाचायची, जोडाक्षर आलं की थांबायची, माझ्याकडे बघायची आणि मग उडी मारल्यासारखी ते पार करायची. वजाबाकीत हातचा विसरायची. दिवाळीपर्यंत कमी विसरू लागली. आणि दिवाळीआधीच्या पालकसभेत मी टेबलावर हात आपटून सांगितलं, "या परीक्षेला एकही मूल गैरहजर राहता कामा नये. काही झालं तरी."

नंदाचा बाप गोरक्ष दाराशी काठी टेकून उभा होता. त्यानं ते वाक्य तसंच्या तसं घरी नेलं.

दिवाळी झाली की ही मंडळी मेंढरं घेऊन घाट उतरतात. खाली कोकणात भात काढून झालेलं असतं, रानं मोकळी असतात, मेंढरांना चारा मिळतो आणि शेतकऱ्याला खत. सगळी भावकी एकदमच निघते, कारण घाटात एकट्याचं काम नाही. ट्रका असतात, बिबट्या असतो. यंदा भावकी गेली आणि गोरक्ष मागे राहिला. वस्तीवरचं गवत संपलेलं. मेंढरं बांधाबांधानं वाळका पाला खात फिरत होती. बायको त्याच्याशी बोलायची बंद झाली होती, असं तोच मला हसत हसत म्हणाला.

चाचणी सोमवारी होती. आदल्या शुक्रवारी तो पडवीत आला. "आठ दिस झालं थांबून, गुरुजी. सोमवारी पोरीचा पेपर झाला की त्याच पावली निघतो."

मी त्याच्याकडे बघितलं आणि मला फाडलेला कागद दिसला. मी म्हणालो, "अरे, कशाला मेंढरं उपाशी मारतोस? आजच नीघ."

"पर तुमीच म्हणला व्हता, काय बी झालं तरी..."

"ते बाकीच्यांसाठी. तुझ्या पोरीला मी हमी कार्ड देतो. ते दाखवलं की खालच्या शाळेत बसवून घेतात. तिचा पेपर तिकडेच घेतील."

कार्डाची दोन वाक्यं खरी होती. हमी कार्ड असतं, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीच असतं, आणि ते दाखवलं की कुठल्याही शाळेत बसता येतं. पेपरचं मात्र मी तिथल्या तिथे रचलं. गोरक्षनं हात जोडले. नंदा खांबाला टेकून ऐकत होती. तिनं विचारलं, "गुरुजी, त्यो पेपर आपल्याच शाळंत धरत्याल ना?"

"धरतील," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी मोबाईलवर तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' ही खूण केली. यादीत पाच नावं उरली.

सोमवारी पाच जणांनी मिळून ब्याऐंशी गुण मिळवले. साडेचोपन्न टक्क्यांच्या वर. शाळा हिरवी झाली, इतकंच नाही तर केंद्रात पहिली आली. पुढच्या बैठकीत मला शाल आणि नारळ मिळाला. "तीन महिन्यांत एवढी प्रगती कशी केलीत ते सांगा," असं केंद्रप्रमुख म्हणाले, आणि मी दहा मिनिटं बोललो. अर्ध्या तासाच्या जादा वर्गाबद्दल बोललो. तो कुणाचा होता ते नाही सांगितलं.

त्यानंतर दोन दिवसांनी फोन आला. घाटाखालच्या शाळेच्या मंगलबाई बोलत होत्या. "तुमची नंदा रोज येते हो. पहिल्या दिवसापासून विचारतेय, माझा पेपर आला का म्हणून. पेन्सिलीला टोक करून बसते. कार्डावर तर काहीच लिहिलेलं नाही. मी वर साहेबांना विचारू का?"

"नको, नको!" मी जवळजवळ ओरडलोच. "पेपर माझ्याकडेच आहे. मी घेऊन येतो."

मी धर्मात्म्यासारखा निघालो असं कुणी समजू नये. त्या बाईनं वर विचारलं तर काय, या एकाच भीतीनं मी रविवारी मोटारसायकल काढली. सहावा पेपर कपाटात उरला होता, तो पिशवीत घातला आणि घाट उतरलो.

गोरक्षचा तळ एका कापलेल्या भातखाचरात होता. मला बघून नंदा पळत आली, मग परीक्षा आठवून एकदम गंभीर झाली. भरलेल्या पोत्यावर बसली, मांडीवर पाटी घेतली, पाटीवर पेपर.

"बोट ठिवून वाचलं तर चालतं का?"

"चालतं."

तिनं दीड तास घेतला. मी पाठमोरा बसलो होतो, पण ती पुटपुटत वाचत होती ते ऐकू येत होतं. जोडाक्षर आलं की आवाज थांबायचा. मी मागे वळायचो नाही. मग तो आवाज उडी मारल्यासारखा पुढे जायचा.

तपासला. नऊ.

"मागं तीन व्हतं!" असं म्हणून ती बापाला सांगायला धावली. मी तिथेच पेपरच्या पाठीवर बेरीज केली. ब्याऐंशी आणि नऊ, एक्याण्णव. एकशेऐंशीपैकी. साडेपन्नास टक्के. पुन्हा केली, तेवढंच आलं. नंदा बसली असती तरी शाळा हिरवीच झाली असती. दोन महिने मीच तिला शिकवलं आणि माझ्याच शिकवण्यावर मी विश्वास ठेवला नाही. मला त्या खाचरात तोंड लपवायला जागा सापडेना.

गोरक्ष आला तो सरळ पायांशी वाकला. "पोरीच्या एका पेपरापायी घाट उतरून आलात. असा मास्तर कुणाला गावत न्हाई."

मी मागे सरकलो. "उठ," म्हणालो, आणि सगळं सांगितलं. लाल शाळा, कागद, यादीतली खूण, शाल. सांगताना मी त्याच्याकडे बघू शकलो नाही, मेंढरांकडे बघत होतो.

त्यानं काठीनं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाला, "मंग आमी आठ दिस कशाला थांबलो व्हतो, गुरुजी?"

उत्तराची त्यानं वाट बघितली नाही. फक्त आवाज खाली करून म्हणाला, "पोरीला काय बोलू नगा. समद्या तळाला सांगून आलीय ती, गुरुजी माझा पेपर न्यायला आल्यात म्हणून."

नंदा चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरून येत होती. चहा न सांडता माझ्या हातात दिला, आणि पेपरकडे बोट दाखवून म्हणाली, "शाळंत गेल्यावर आदी माजे नऊ लिवा बरं."

"लिहितो," मी म्हणालो.

महिना झाला. शाळेच्या फलकावर चौथीच्या निकालात अजून पाचच नावं आहेत. खडू माझ्याच टेबलावर असतो.