फाटकाबाहेरची सिगारेट

सोनालीचं लग्न झालं ते करोनाचं पहिलं साल, दोन हजार वीस. तेरखेड्यात फटाक्याचे कारखाने पुष्कळ, पण जत्रेत आणि वरातीत आकाशात फुटणारे औट उडवावेत ते सोनालीच्या बापानं, दगडोबानं, असं लोक म्हणायचे. त्याच्याच लेकीचं लग्न पन्नास माणसांत, तोंडाला फडकी बांधून लागलं आणि दारात एक तोटा, साधा फटाकासुद्धा वाजला नाही. अक्षता टाकताना दगडोबाच्या बायकोला, कस्तुराबाईला, खोकल्याची उबळ आली. शेजारची माणसं चटकन मागं सरली. पुढं तपासणी केली तर करोना निघाला नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. खोकला मात्र गेला नाही.

दिवाळीच्या तोंडावर कारखाना उघडला. कस्तुराबाई नवी नवरी होऊन गावात आली तेव्हापासून तिथं तोट्यांना वाती लावायची. दगडोबानं ठरवलं की आता तिनं तिथं जायचं नाही.

"फटाक्याच्या दारूची धूळ छातीत बसलीया तुझ्या. घरी बसायचं."

"आन् घरी बसून काय करू? भिंती बघू?"

"भिंती नगं, माझं त्वांड बघ."

शेजारची सिताबाई दारात उभी होती. ती कस्तुराबाईच्याच शेडमध्ये कामाला होती आणि दगडोबाला दाजी म्हणायची. ती म्हणाली, "दाजी, तुमचं त्वांड बघूनच खोकला लागला आसंल माझ्या भैनीला. आमच्यात पाठवा, चार बायांत बरी ऱ्हाईल."

तिघंही हसले. हसता हसता कस्तुराबाईला ठसका लागला आणि दगडोबाचंच खरं ठरलं.

दारूच्या धुळीचं भय त्याच्या मनात जुनं होतं. त्याला हे काम शिकवणारे बिराप्पा वस्ताद खोकून खोकूनच गेले होते आणि दारूनं वस्तादाला खाल्लं, असंच सारं गाव म्हणालं होतं. वस्तादांच्या ओठात सदा सिगारेट असायची, ते कुणी मोजलं नाही. सिगारेट म्हणजे त्यांचं हत्यार. ईट गावच्या जत्रेत मिसरूड फुटलेल्या दगडोबाच्या हातात त्यांनी पहिल्यांदा पेटती सिगारेट दिली होती. "काडी वाऱ्यात इझती, उदबत्ती मोडती. ही वढत ऱ्हायची, म्हंजी निखारा जित्ता ऱ्हातो. वातीला टेकवली की झालं." पहिल्या झुरक्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि जमलेले लोक हसले. मग वरातीत नवरदेवाचे दोस्त आपणहून पाकिटं खिशात कोंबू लागले. औट उडवायचं काम कधीमधी निघायचं, सिगारेट मात्र रोज सकाळी उठल्याबरोबर लागू लागली. नाही मिळाली की बोटं थरथरायची, डोकं चढायचं, समोर येईल त्याच्यावर तो ओरडायचा. विचारलं तर सांगायचा, "कामाची सवय हाय."

तोही त्याच कारखान्यात कामाला होता, पण आत कधी ओढत नसे. तिथं फाटकाजवळ पत्र्याचा एक डबा होता. काड्यापेटी, बिडी, सिगारेट, जे असेल ते त्यात ठेवूनच आत जायचं. या बाबतीत दगडोबा मालकापेक्षा कडक. एका नव्या गड्याच्या खिशात काड्यापेटी सापडली तर त्यानं त्याच्या कानाखाली आवाज काढला होता. "येक ठिणगी पडली तर शेड वर जाईल, मर्दा! बायका हायत आत." दिवसभराची तलफ मग तो घरी आणायचा. एका खोलीचं घर. कॉटवर बसून एकीवर एक पेटवायची. घरात दारू नव्हती, मग भ्यायचं कशाला?

कस्तुराबाई कामावरून सुटली आणि त्या वर्षी जत्राही बंदच राहिल्या, दिवाळीनंतर कारखान्यातलं त्याचं कामही थांबलं. दोघं दिवस दिवस घरात. त्यानं तिची सेवा मनापासून केली, ते कुणी नाकारणार नाही. हळदीचं दूध द्यायचा, पाठ चोळायचा. गार वारं बाधू नये म्हणून त्यानं खिडकी लावून घेतली आणि फटीत कागद कोंबले. मग तिच्या पायाशी बसून तिला जरा बरं वाटायची वाट बघत राहायचा. वाट बघताना हात रिकामा राहत नसे.

दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिला दारापासून चुलीपर्यंत जाताना दम लागू लागला. एक दिवस थुंकीत रक्त दिसलं. सोनाली सासरहून धावत आली आणि बापलेकींनी तिला बार्शीच्या दवाखान्यात नेलं. छातीचे फोटो झाले, आतला तुकडा काढून तपासला. फुप्फुसात कर्करोगाची गाठ होती आणि ती पसरली होती.

"या कधी ओढायच्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय सायेब," दगडोबा म्हणाला. "बाईमाणूस हाय. कारखान्यात दारूची धूळ लई व्हती, त्यानं झालं."

"ती धूळही चांगली नव्हेच. पण घरात कोण ओढतं?"

सोनाली बापाकडं बघत राहिली.

"नेमकं कशानं झालं हे शपथेवर सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ओढणाऱ्याचा धूर जवळच्या माणसाच्या छातीत जातो आणि तो हा आजार करू शकतो. आता यांच्या आसपास धूर अजिबात नको, तेवढाच श्वास सुकर राहील. आणि तुम्हीही सोडा. तुमची छाती वाजतेय, मला इथं ऐकू येतंय."

एसटीत कस्तुराबाई खिडकीशी बसली. येरमाळा आल्यावर सोनाली हळूच म्हणाली, "आण्णा, तुमी कारखान्यातल्या दारूला जपलं. आईला न्हाय जपलं."

आईच्या सेवेला सोनाली माहेरीच राहिली. घरी येताच दगडोबानं पाकीट चुलीत टाकलं आणि खिडकी उघडली. मी सोडली, असं त्यानं बायकोच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. चार-पाच दिवस निभावलं. रात्री डोळा लागेना, अंगाला घाम सुटायचा. पाणी द्यायला उठला तर तांब्या हातातून निसटला आणि तो उगाच तिच्यावरच खेकसला, "सारखं पानी, पानी! मीच मरू का आता?"

दुसऱ्या दिवशी तिनं सिताबाईकडून एक सिगारेट मागवली आणि उशाखालून काढून त्याच्यापुढं धरली.

"हं, वढा. भाईर जाऊन वढा. तुमचं आसं त्वांड बघवंना मला."

"तुझ्यापायीच सोडली न्हवं का म्या?"

"व्हय. आन् माझ्यावरच वरडाय लागला."

तो अंगणात गेला. ओढली. त्याची बोटं स्थिर झाली. आत येऊन तिच्याजवळ बसला तर त्याच्या सदऱ्याच्या वासानं तिला अशी उबळ आली की सोनालीनं त्याला दंडाला धरून उठवलं. "सरा तिकडं आण्णा, तिचा जीव जाईल!"

त्या दिवसापासून त्यानं खोलीत पाऊल टाकलं नाही. त्याला वाटलं होतं, सिगारेट सुटली की जवळ बसता येईल. सुटता सुटेना. सोडायचा, दोन दिवसांनी पुन्हा पेटवायचा. शेवटी त्यानं अंगणात बाज टाकली आणि तिथूनच बोलायचा. "जेवलीस का ग?" असं तो बाहेरून विचारायचा. आतून मान हलली की नाही ते त्याला दिसायचं नाही, मग सोनाली सांगायची, "जेवली." आधी कस्तुराबाई तिथूनच काही तरी टोमणा मारायची. "पावनं, घरात या की," म्हणायची. पुढं तिला तेवढाही दम उरला नाही.

जत्रा पुन्हा सुरू झाल्या तशी औटांची बोलावणी आली. तो कुठंच गेला नाही. घरी राहून तिच्याजवळ मात्र जाऊ शकला नाही.

शेवटल्या सकाळी तिनं डोळ्यांनीच त्याला बोलावलं, असं सोनाली सांगते. सोनालीनं दारातून हाक मारली. त्याच्या हातात तेव्हा पेटलेली होती. त्यानं ती विझवली, हात धुतले, चूळ भरली, सदरा काढून टाकला आणि उघड्या अंगानं आत आला. तोवर उशीर झाला होता.

दगडोबाची बायको कस्तुराबाई दोन हजार बावीस साली, मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी, फुप्फुसाच्या कर्करोगानं वारली.